आंदण

आधी पांझरेच्या काठाकाठानं शोधलं.
वाटलं, पाण्यातून आला असेल.
मग चाऱ्यावर संशय, मग गुरांच्या बाजारावर,
मग त्या बाहेरून आणलेल्या काळ्या-पांढऱ्या गायींवर.
पाडवी मॅडमनी दवाखान्याच्या भिंतीवर नकाशा लावला,
म्हणाल्या, वेडूभाऊ, टाचण्या तुम्ही टोचा,
गोठे तुम्हाला ठाऊक.

पांढऱ्या फरशीवर गुलाबी थेंब,
त्यात गायीच्या रक्तावरची निवळ,
काडीनं ढवळून चार मिनिटं डोलवायचं.
गुळगुळीत राहिला तर सुटली.
रव्यासारखा फुटला
तर एक तांबडी टाचणी.

झुलाल पाटलाची सातव्या महिन्यात गाभडली.
केवळबाईची दोन वर्षं लागोपाठ.
"वासरू पुरं व्हतं भाऊ," ती म्हणाली,
"फगत जीव नही व्हता."
कुणी जार नाल्यात फेकला, कुणी कुत्र्यांपुढे.
मी सांगायचो, खोल पुरा, वर चुना घाला.
पुरणारे थोडे.

सत्तेचाळीस टाचण्या झाल्या
तरी नकाशा नदीसारखा दिसेना, रस्त्यासारखाही नाही.
एक गाव तांबडं, पुढची तीन कोरी,
मग एकदम बोरीकाठी ठिपका.
याला काही नेम नाही, मॅडम म्हणाल्या.
मी चहा खाली ठेवला.

नेम होता.
ते झुलालच्या थोरलीचं सासर.
त्याच्या पलीकडची टाचणी तिच्या नणंदेची.
पोरीला दूधदुभतं मिळो म्हणून
बापानं पाठीवरून हात फिरवून दिलेली कालवड,
कपाळाला हळद, गळ्यात नवं दावं.
आखाजीला लेकी ज्या वाटांनी येतात
त्याच वाटांनी उलटा गेला होता तो,
आहेराच्या वहीत न लिहिलेला.

अहवालात मॅडमनी लिहिलं: जनावरांची हालचाल.

माझा ताप पौषापासूनचा.
दिवेलागणीला चढतो, पहाटे गोधडी भिजवून उतरतो,
आठ दिवस दडी मारतो, पुन्हा येतो.
टायफॉइडच्या गोळ्या झाल्या, मलेरियाच्या झाल्या.
कंबर जुन्या बैलगाडीसारखी बोलते.
बावीस वर्षं कोपरापर्यंत हात घातला अडलेल्या गायींत.
हातमोजे मार्चपर्यंत पुरायचे.
पुढे नुसताच हात.

काल सगळे गेल्यावर
दंडाला रबर बांधून मीच माझं रक्त काढलं.
गुलाबी थेंब, काडी.
तिसऱ्याच मिनिटाला रवा.

टाचणी घेऊन नकाशासमोर उभा राहिलो.
मला गोठा नाही. लेक नाही, आंदण नाही.
कुठं टोचू?
सगळ्याच गावांत माझा हात गेलेला.

शेवटी खिशाच्या कडेला अडकवली
आणि सायकल काढली.
केवळबाईच्या धाकटीचं परवा लग्न आहे.
कालवडीचं रक्त तपासू दे, एवढंच म्हणायचं आहे तिला.
पोहोचेपर्यंत
शिंगांना रंग लावून झाला असेल.