वाटा

साक्री मागे पडली की रस्ता हळूच चढणीला लागतो.
कांद्याची रोपं, उसाचा एखादा तुकडा,
मग कापलेल्या भाताच्या खाचरांत मोकळी गुरं.
पिंपळनेर येईपर्यंत
मांडीवरच्या पिशवीने पाय बधिर केलेले असतात:
आत पाच किलो, दोन किलो, एक किलो,
आणि उतरत उतरत तो एका ग्रॅमचा पितळी दाणा,
हरवला तर नोकरी जाईल,
असं पहिल्या साहेबांनी बजावलं होतं.
बावीस वर्षं झाली. आहे अजून.

मी वजनमापं तपासते.
माझी बातमी माझ्या चार पावलं पुढे चालते.
कोठावदे किराणावाले खुर्ची पुसून ठेवतात,
"या मॅडम, बिनसाखरेचाच ना?"
मागच्या वर्षीचं सगळं त्यांना आठवतं,
फक्त ते झिजलेलं अर्धा किलो कुठे गेलं, ते नाही.
मी वजन उलटं करते,
तळाच्या शिशावर यंदाचं अक्षर ठोकते.
तो आवाज मला आवडतो.
कार्यालयात हे कुणाला माहीत नाही.

बाजार नदीकडे उतरत जातो.
मिरचीचा ठसका, गुडीशेवेचे ढीग,
विळ्यांना धार लावणारा, ठिणग्यांत डोळे मिटून.
आज गर्दी विरळ.
डोंगराकडची माणसं डोंगऱ्यादेवाला बसलीत, कुणी म्हणालं.

शेवटी, जिथे दुकानं संपून पांझरेची वाळूच लागते,
तिथे बुधीबाई चौरे.
गोणपाटावर भुईमुगाच्या शेंगांचे वाटे.
तराजू नाही. वजन नाही. शेर, चिपटं, काही नाही.
वाटा केवढ्याला?
"पन्नास रुप्याले."
म्हणजे किती भरेल?
ती बघत राहिली,
शाळेत मी गणिताच्या बाईंकडे बघायचे तशी.
"एक घरना इतला."
आणि लगेच, "तुन्हा घरमा कितला मानसं?"
मी एक बोट वर केलं.

तिने वाट्यातून ओंजळभर शेंगा काढून घेतल्या.
थांबली.
परत टाकल्या, वर आणखी मूठभर.
"पाव्हना यी ना कोनी."

पावतीपुस्तक खांद्यालाच होतं.
मापात पाप असतं, ते पकडायचा पगार मला मिळतो.
इथे मापच नव्हतं.
मी पन्नास रुपये दिले आणि रुमाल पसरला.

गाडीला तास होता.
पिशवी कोठावद्यांच्या गल्ल्यामागे ठेवून
नदीच्या दगडांवरून पलीकडे गेले.
बांधावरून वाट, वाटेत नागलीचं खळं,
खळ्यावर एक मुलगा उताणा झोपलेला, तोंडावर टोपी.
बावीस वर्षं या गावाला येते;
नदीच्या अलीकडचंच गाव मी तपासलं होतं.
उन्हं उतरली तशी डोंगरातून पावरी ऐकू आली,
एकच सूर, लांबत गेलेला,
मग कुत्री भुंकली आणि तो तुटला.
मी पळत स्टँडवर आले.

घरी आल्यावर तोललं. सवय.
बसमध्ये खाल्लेल्यांची टरफलंसुद्धा
पारड्यात टाकली, हिशेब चुकू नये म्हणून.
सातशे बारा ग्रॅम.
कुठल्या नोंदवहीत लिहू, कळेना;
कॅलेंडरवर लिहिलं, त्या दिवसाच्या चौकटीत,
दूधवाल्याच्या खुणेशेजारी.

पाहुणा अजून कुणी आलेला नाही.
शेंगा निम्म्या आहेत.