उघडा ओ

दोन महिने मी तिला 'हात' म्हणत होते.
जिन्यात, पोदेर पाव घेऊन आला की त्याच्यासमोर,
गच्चीवर कपडे वाळत घालताना,
"काय गं, सोन्ही?"
ती मान लववून हसायची.
शेवटी एका संध्याकाळी तिनं पंजा वर केला,
बोटं पसरली, म्हणाली, "सोन."
मग तोच पंजा छातीवर टेकवून, "सॉन. सॉन्ही."
मला फरक ऐकू आला नाही.
मला. न आणि ण साठी
एकतीस वर्षं पोरांच्या वह्या लाल केलेल्या बाईला.

नवरा तिचा कुंडईच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलाय,
आमच्या फर्मागुडीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात.
चारला चहा घेऊन मी तिच्या बाल्कनीत जाते, शिकायला.
ओठांसमोर धरायला कागद हवा म्हणाली,
मी पर्समधलं कदंबाचं तिकीट काढलं.
'ताल' सारखा काहीतरी शब्द आहे त्यांचा.
हलक्यानं म्हटला तर चंद्र,
श्वास सोडून म्हटला तर मुखवटा,
गळा आवळून म्हटला तर मुलगी.
चंद्राला तिकीट जेमतेम हलावं,
मुखवट्याला फडफडावं,
मुलीला मुळीच हलू नये.
मी म्हटलं, आमच्याकडे त थ द ध, चांगले चार आहेत,
तुमच्या तिघांची सोय होईल.
नाही झाली.
चौघांच्या मधल्या बोळांतून तिचे तिघे निसटतात
आणि माझी मुलगी दर वेळी मुखवटा होते.

भात म्हणजे पाप्.
शेवटचा प ओठांतच ठेवायचा, फुटू द्यायचा नाही.
हे मात्र पहिल्याच दिवशी जमलं.
एकटीनं जेवणारीला जमतंच.

अडलं ते तिच्या नावापाशी.
तिनं माझी हनुवटी दोन बोटांनी खाली ओढली:
ओ नको, अ नको, यांच्या मधलं काहीतरी,
तोंडात काही गोल ठेवल्यासारखं.
आणि तिथं, तिच्या बोटांत हनुवटी असताना,
मला सोयरू गावडे आठवला.

बेतकीची शाळा, तिसरीचा वर्ग, धड्यातली ओळ.
उभा राहून त्यानं वाचलं, "बॉर."
मी म्हटलं, बोर.
तो म्हणाला, "बाई, बोर म्हळ्यार झाड. खातात तें बॉर."
दोन ओ होते त्याच्या घरी,
झाडाचा मिटलेला, फळाचा उघडा.
मराठीत एकच असतो, मी म्हटलं,
आणि पट्टी उभी धरून दोनदा.
मग त्यानं बरोबर वाचलं.
प्रगतिपुस्तकात माझ्या अक्षरात असेल अजून:
उच्चारात सुधारणा.

माझी आई तरी काय म्हणायची?
परसातल्या झाडाखाली सूप घेऊन बसायची, हाक मारायची,
"वत्सू, बॉरां वेचूंक यो."
मी जायची. ओच्यात भरून आणायची.
सकाळी शाळेच्या पायरीवर चपला काढायची
आणि चपलांबरोबर तो स्वर.
कोणी सांगितलं नव्हतं काढायला.

सोयरू आता पन्नाशीला आला असेल.
कुणी म्हणतं खाणीवर टिप्पर चालवायचा,
खाणी बंद पडल्यावर कुठे गेला, माहीत नाही.
विचारलं असतं तरी काय सांगणार होते त्याला,
की तुझा ओ मला लागतोय, जरा देतोस?

काल नाक्यावर एक म्हातारी बोरं घेऊन बसली होती.
दोन वाट्या घेतल्या. एक तिथंच तोंडात टाकलं,
चघळून बी गालाशी ठेवली
आणि चढण चढताना मनातल्या मनात नाही,
मोठ्यानं म्हणत आले.
एक स्कूटरवाला वळून बघत गेला.

दार तिनंच उघडलं.
"सॉन्ही," मी म्हटलं.
पंजा वर नाही केला तिनं.
दोन्ही हातांची ओंजळ केली, पिशवीखाली धरली,
एक बोर उचलून वास घेतला.
"बात्सल्ला," म्हणाली, "हे काय?"
माझ्या नावातला व तिच्या ओठांवर येतच नाही.
मी दुरुस्त केलं नाही.
"बॉर," म्हटलं. "झाडाला वेगळं म्हणतात."