सात फ्रेम

मंगळवारी चारच्या सुमारास रेयो येतो.
ताम्पेरेतला जानेवारीचा उजेड तोवर संपलेला असतो.
बूट दाराशी काढतो, नुसत्या मोज्यांनी आत येतो,
वेलदोड्याचा पाव आणि कॉफी, एवढ्या मजुरीवर
आमचा अर्धाकच्चा गेम खेळून देतो.

वय एकाहत्तर. कागद गिरणीत छत्तीस वर्षं.
उजव्या हाताची दोन बोटं तिथल्या रोलरनं नेली.
अंगठा शाबूत आहे, पण कंट्रोलर धरतो
तो गरम बटाटा धरल्यासारखा.

गेममध्ये एक टपालवाला आहे,
छपरांवरून उड्या मारत पत्रं पोचवणारा.
तिसऱ्या छपरावरून चौथ्यावर जाताना
रेयो पडला.
पुन्हा पडला.
मी वहीत रेघा मारत होते, चार उभ्या, एक आडवी,
अशा तीन जुड्या झाल्या आणि वर दोन,
आणि हा माणूस हसत होता
खांदे हलवून, मिशीत पावाचे कण.

विचारलं, तुम्ही चिडत कसे नाही?
म्हणाला, उडी उशिरा मारली. दिसतंय की मला.
गिरणीतल्या मशीननं बोटं घेतली,
का, ते सांगितलं नाही.
चौकशी झाली, कागद झाले, तोही आमच्याच गिरणीचा कागद,
माझं चुकलं कुठे, अजून कळलेलं नाही.
हे तुझं यंत्र लगेच सांगतं.
वर परत उभं करतं त्याच छपरावर, टोपीसकट.

त्या रात्री सगळे गेल्यावर मी एक आकडा बदलला.

आमच्या धंद्यातली जुनी लबाडी आहे ही:
छप्पर संपलं, पाय हवेत गेला,
तरी सेकंदाचे काही साठावे भाग
आम्ही धरून चालतो की जमीन आहे.
पायाखालची जमीन सरकते,
पण जरा थांबून सरकते.
खेळणाऱ्याला पत्ता नसतो.
तो एवढंच म्हणतो, हाताला गोड लागतो हा गेम.
चार फ्रेम होत्या. मी सात केल्या.
इल्मालासुद्धा बोलले नाही.

पुढच्या मंगळवारी रेयोनं
दुसऱ्याच खेपेला चौथं छप्पर गाठलं.
मी टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच.
तो हसला नाही.
मागे गेला. मुद्दाम. पुन्हा तीच उडी.
पुन्हा, आता डोळे मिटून.
मग कंट्रोलर मांडीवर ठेवला.

छत्तीस वर्षं मशीनशेजारी उभा होतो, पोरी.
ठोका कुठे लांबला, ते मला पोटात कळतं.
लिंबूटिंबू केलंस मला?

माझे कान तापले.
म्हणाले, सगळ्यांनाच मिळतं थोडं.
किती?
चार.
आणि मला?
सात.
बाहेर बर्फ ढकलणारी गाडी गेली, कप थरथरले.
उरलेल्या बोटांवर त्यानं काहीतरी मोजलं.
पाच कर, म्हणाला.
चारच का नको?
म्हातारा आहे गं. मूर्ख नाही.

पाच केल्या.
त्या संध्याकाळी तो सव्वीस वेळा पडला.
पाव वाळला, कॉफी दोनदा गरम केली,
इल्मा कोट चढवून दारात, किल्ल्या वाजवत,
आणि तरी जागची हलेना.
सत्ताविसाव्यांदा टपालवाला कडेवर
इतक्या उशिरापर्यंत धावला
की मीच खुर्चीतून उठले,
आणि रेयोनं गिरणीतली शिवी हासडली,
घसघशीत, सबंध जिना ऐकेल अशी.

चौथ्या छपरावरच्या बाईनं खिडकी उघडली, पत्र घेतलं.

काय लिहिलंय त्यात? त्यानं विचारलं.
म्हटलं, ते अजून ठरवलेलं नाही आम्ही.
बूट घालता घालता बराच वेळ गप्प होता.
नाडी बांधायला त्याला वेळ लागतो.
मग म्हणाला, ठरवा सावकाश.
मंगळवारी येतोच आहे.