हवेतली अकरा मिनिटं

मोपाहून दाबोळीला विमानानं किती लागतं, बाय?
बाबा फोनवर विचारतात, दर आठवड्याला,
जणू मागच्या खेपेला मी सांगितलंच नव्हतं:
असं विमानच नाही, बाबा. तिकीट कोण काढील?
सरळ रेषेत एकवीस सागरी मैल.
“सागरी कशाला? समुद्र तर उजव्या हाताला राहतो.”

त्यांची मापं निराळी.
सड्यावरच्या आमच्या घरापासून काजूच्या भाटीपर्यंत
पेज निवण्याइतकं अंतर.
म्हापशाचा शुक्रवार: दोन डुलक्या आणि एक भांडण.
आता ते चिखलीला, उल्हासकडे, तिसऱ्या मजल्यावर.
तिथं सगळंच हाताशी,
मोजायला काही उरलेलं नाही.

मी जाते रविवारी.
पेडणे, म्हापसा, पणजी. तीन बसगाड्या, तीन पूल.
कोलवाळला ऊन डोळ्यांवर, मांडवीवर गाड्यांची रांग,
आणि जुवारी येईपर्यंत माझ्या डब्यातल्या खतखत्याचा वास
शेजारच्या बाईच्या पदराला लागलेला.
अडीच तास. कधी तीन.
दारातच बाबा घड्याळ बघतात:
“एवढ्यात दिल्ली गाठली असतीस.”

मग जानेवारीतली ती पहाट.
दाबोळीवर धुकं, तिथलं एक विमान आमच्याकडे वळवलेलं.
माणसं उतरली, रस्त्यानं गेली, शिव्या देत.
धुकं निवळल्यावर विमान रिकामंच परत न्यायचं ठरलं.
कागद माझ्या टेबलावर:
प्रवासी शून्य.
सामान शून्य.
हवेतला वेळ अकरा मिनिटं.
इनासियो म्हणाला, एवढ्यात माझा चहासुद्धा निवत नाही.

मी फोन लावला. बाबा, गच्चीवर जा.
इथून सुटतंय आता. तुमच्या डोक्यावरून जाईल.
त्यांची चप्पल ऐकू आली, जिना, धाप,
मग टाकीत पडणारं पाणी.
आम्ही दोघं गप्प.
सात. आठ.
काही न बोलता एवढा वेळ फोन
आमच्यात कधी चालू राहिला नव्हता.

तेवढ्यात इनासियोनं मान हलवली.
वारा आज जमिनीकडून आहे,
त्याला समुद्राच्या बाजूनं उतरवतायत.
चिखली दुसऱ्या टोकाला.

तोंड उघडलं होतं मी सांगायला.
“गेलं!” बाबा म्हणाले. “पाहिलं मी. केवढं खालून!
पोटाला लाल दिवा.
टॉवेल हलवला, दिसला असेल का गं?”

दिसला असेल, मी म्हटलं.
विमानात कुणीच नव्हतं हे
मी आधी सांगितलं होतं की नाही, आठवेना.

वहीत अकरा लिहिलं होतं, ते खोडून चौदा केलं,
वळशाची तीन धरून.
फोन अजून चालूच. जिना उतरताना बाबांचा आवाज
पायरीपायरीनं लहान होत गेला:
“रविवारी बसनंच ये हां.
तिसऱ्या आणतो. साफ करायला वेळ लागतो.”