हात आखडता

सिरवार्द म्हणाली, काही महिने हात आखडता घ्या.
मला हसू आलं. आमच्या घरात
हे वाक्य पाहुण्यांच्या कानावर गेलं असतं
तर सासूने बोलणारीला तोनीरमागे नेऊन झापलं असतं.

तीस वर्षं, पहाटे चारला,
जमिनीतल्या त्या पेटत्या विहिरीत वाकून
लवाश थापलं तिच्या भिंतीला,
आकडीने उचकटलं, पुन्हा वाकले.
मार्तुनीतल्या निम्म्या लग्नांनी
माझ्या उजव्या हाताचं खाल्लंय.
मग मार्चात एका सकाळी
केसांत फणी घालायला गेले
आणि खांद्याच्या पुढे, बोटभर जागेत,
कुणीतरी तीच आकडी तापवून अडकवली.

हात वर करा, ती म्हणाली.
कुणाच्या अडचणीला आजवर हात वर केले नाहीत,
आता करू म्हटलं तर होईनात.

तिने बिलाच्या पाठीवर हाड काढलं,
हाडाला पन्हळ, पन्हळीत दोरी.
ही कंडरा. घासून घासून सुजली आहे.
तुटेल?
थांबलात तर नाही.
थांबणं कुठल्या दुकानात मिळतं
ते मात्र तिने लिहून दिलं नाही.

गोठवलेले जर्दाळू फडक्यात बांधून पंधरा मिनिटं,
दिवसातून तीनदा, तीच पिशवी.
जूनपर्यंत त्यांचा लगदा झाला,
सुनेने मुकाट्याने मुरंबा केला.
लवाशही तीच करायची. कडेला जाड, मध्ये फाटकं.
मी तोंड शिवून बसायचे.
कंडरेपेक्षा ते जास्त दुखलं.

टेबलाला डावा हात टेका, वाका,
उजवा सोडून द्या.
खरंच सोडा, वार्सेनिक मावशी,
तुम्ही धरून ठेवलाय.
कसायाकडच्या मांडीसारखा लोंबला शेवटी,
आणि छोटी छोटी वर्तुळं काढू लागला,
माझं काही न विचारता.

मग भिंत.
बोटांनी चढायचं, कोळ्यासारखं,
दुखेल तिथे थांबून पेन्सिलीने खूण करायची.
स्वयंपाकघराच्या दाराशी उजेड असतो म्हणून तिथे उभी राहिले,
तर तिथे आधीच खुणा.
वाहराम पाच. वाहराम सहा, दात पडला तेव्हाचा.
पहिल्या दिवशी माझी बोटं
त्याच्या आठव्या वर्षापाशी अडली.
पंधरा दिवस मी आठव्या वर्षातच होते.
दहाव्याला चढले तेव्हा अर्पिनेला हाक मारली,
ती पिठाच्या हातांनी धावत आली, तिला वाटलं पडले.
तेरा ते चौदा एका आठवड्यात,
तोही तेव्हा असाच सरकन वाढला होता.

रविवारी त्याचा रोस्तोवहून फोन.
फरश्या बसवतो दिवसभर, छतापर्यंत.
आई, माझाही खांदा धरलाय, पुढून, बोटभर जागेत.
मी म्हटलं, भिंतीपाशी जा, बोटांनी चढ,
दुखेल तिथे थांब.
तो थोडा वेळ गप्प.
आठ जण झोपतो आम्ही खोलीत.
रिकामी भिंत नाही, आई.

आता सप्टेंबर आहे.
एक दिवस थापते, दोन दिवस थांबते,
बाकी वेळ अर्पिनेशेजारी स्टुलावर बसून
पीठ लाटून देते. तिच्या कडा पातळ होताहेत.
भिंतीवर सतराच्या पुढे गेले आहे.
वर फक्त अठरा उरलंय,
लष्करात जायच्या सकाळचं, बुटांसकट मापलेलं,
माझ्या बोटांपासून चार बोटं वर.
सिरवार्द म्हणते, भाकरीला एवढं पुरे.

भाकरीला पुरे, हो.
पेन्सिल अजून दाराच्या चौकटीवर ठेवली आहे.