इतिवृत्त

दोनशेपानी वहीत माझं सातवीतलं अक्षर:
भवानी पेठ, टिंबर मार्केटमागे,
आडेप यांच्या पत्र्याखाली सभा.
हजर बायका एकतीस.
(मांडीवरची पोरं धरली नाहीत.)

अम्मा तेलुगूत बोलायची,
मी मराठीत लिहायचे.
मधल्या वाटेत काय काय सांडलं
ते आज विचारू नका.
ती म्हणायची, ‘कादु’,
सुपातल्या तंबाखूवरून नजरही न उचलता.
मी लिहायचे, ‘सदर सूचना नामंजूर’.
एवढ्याशा शब्दाला केवढं धोतर नेसवायचे मी!

सभेतही बोटं थांबत नसत.
ओलं पान, पत्र्याचा फर्मा, कात्री,
चिमूट, वळ, नखानं तोंड दुमड, दोरा.
हजाराला किती मिळतात ते सगळ्यांना पाठ.
हजारातल्या किती जातात ते चेकरच्या मर्जीवर.
मूठभर उचलायचा, नाकाशी धरायचा,
‘ही छाट, ही पण छाट’, टोपलीत.
छाट बिडीला पैसा नाही.
आणि दोन दिवसांनी तीच बिडी
लेबल लावून नाना पेठेतल्या पानपट्टीवर.
रत्नम्मानं ओळखली होती, आपल्या गाठीवरून.

युनियनचे साहेब सायकलवरून यायचे. चांगला माणूस.
मागणीपत्रात भाव होता, बोनस होता.
छाटीचं काढलं तर म्हणाले,
‘ते बारीकसारीक नंतर बघू, बाई.
मोर्चात मात्र तुम्हीच पुढे राहा, फोटो चांगला येतो.’
अम्मा म्हणाली, कादु.
त्या दिवशी मी नामंजूर लिहिलं नाही.
कादु असंच लिहिलं.
शाळेत त्याखाली लाल रेघ आली असती.

पान सत्तावीस. मंगळवार.
ठराव: छाट बिडी आमच्या डोळ्यांदेखत मोडावी.
सूचक: लिंगव्वा आडेप, अंगठा.
अनुमोदक कोण?
‘सगळ्या,’ अम्मा म्हणाली.
असं लिहीत नाहीत, मी म्हटलं.
‘मग नावं लिही.’
एकतीस नावं. पेन्सिलीला दोनदा टोक केलं.
मेरगूंच्या म्हातारीला स्वतःचं नाव आठवेना,
उभा जन्म तिला ‘मेरगूची’ म्हणूनच हाक.
बायका थांबल्या. सुपं थांबली.
‘भूलक्ष्मी,’ ती म्हणाली,
आणि पुन्हा एकदा म्हणून पाहिलं,
कपडा अंगाला लावून बघावा तसं.

एकोणीस दिवस कुणी पान उचललं नाही.
अकराव्या दिवशी बापानं सूप लाथाडलं.
ते इतिवृत्तात नाही.
अम्मानं तंबाखूविना रिकामं सूप
भिंतीला पुन्हा उभं केलं, तेही नाही.

विसाव्या दिवशी चेकर
टोपली घेऊन कारखान्याच्या पायरीवर बसला.
समोर आम्ही. एकेक बिडी मोडू लागला.
आवाज फार नाही,
कुणी शेजारी बसून फुटाणे खावेत इतकाच.
चाळीसेक मोडल्या असतील,
मग एका बिडीपाशी त्याचा हात अडला.
उलटी केली, सुलटी केली,
‘ही... चालेल,’ म्हणाला,
आणि चांगल्यांच्या ढिगात ठेवली.
पुढची पण चालेल.
त्याच्या पुढची पण.

आधी रत्नम्माला फुटलं, मग सगळ्यांना.
भूलक्ष्मी तर पदर तोंडात कोंबून खाली बसली.
‘लिही,’ अम्मा म्हणाली.
काय लिहू?
‘हसल्या म्हणून लिही.’
इतिवृत्तात हसणं नसतं गं अम्मा.
‘कुणी सांगितलं?’

परवा माळ्यावर वही सापडली.
पान बत्तीस, तळाशी, बारीक अक्षरात:
‘उपस्थित सभासद हसले.’
व्याकरण तेव्हाच पक्कं होतं माझं,
सभासद म्हणजे पुरुषच.
अम्माला वाचता येत नव्हतं,
म्हणून इतकी वर्षं तसंच राहिलं.

‘ले’ खोडून ‘ल्या’ केलं.
बाजूला आजची तारीख घातली.
दुरुस्तीखाली अध्यक्षांचा अंगठा लागतो.
तेवढी जागा
मी सोडून ठेवली आहे.