जास्तीचे अकरा एकर

हेमराज भोयर साडीच्या दुकानाची पिशवी घेऊन आले.
आत बावीस विक्रीखतांच्या झेरॉक्स, वंशावळ,
आणि एक लग्नपत्रिका, ती चुकून.
"मॅडम, आमच्या खापरपणज्यानं गाव बसवलं,
मौजा बेलटोली. दोनशे चौदा एकर.
कुठं तरी एखादा तुकडा इकायचा राहिलाच असंल न बापा.
तेवढा शोधून द्या."

मी अनुरेखक. बत्तीस वर्षं
दुसऱ्यांच्या रेषांवर कागद ठेवून रेषा ओढते.
निवृत्तीला पाच महिने.

पहिला नकाशा कापडावरचा, पहिल्या बंदोबस्ताचा,
घडीवर विरलेला, नेमका नाला आहे तिथेच.
गोमाजी भोयर, मालगुजार.
बोडी, आमराई, पांदण,
आणि विहीर म्हणून निळा ठिपका,
माशी बसावी तसा.

मग विक्री.
रेल्वेला एक पट्टी, धोतराच्या काठासारखी.
गिरणीच्या चाळींना नऊ एकर.
लटारू भोयरने आमराई दिली झाडांसकट,
"यंदाचा बहार विकणाऱ्याचा" असं बजावून.
सरजाबाईचा अंगठा तीन खतांवर,
तिसऱ्यावर शाई इतकी की अंगठ्याला रेषाच नाहीत.
मग लेआउट आले, पट्टीने आखलेले,
बोडीवर मैदान झालं.
सगळे खसरे मी एकेक करून रंगवत गेले,
हेमराजरावांचा तुकडा काही सापडेना.

बेरीज केली. दोनशे पंचवीस.
कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून हातानं केली,
डिसमिलांसकट. दोनशे पंचवीस.
घराण्यांचं कमी पडतं, हे पाहत आलेय:
कुणी दडवतं, कुणाची नोंद वाळवी खाते.
जास्त भरलेलं पहिल्यांदाच.

खिडकीच्या काचेवर कापड धरलं,
त्यावर पुढच्या बंदोबस्ताचा ट्रेसिंग.
उत्तरेचा धुरा
नाला ओलांडून पलीकडे गेला होता.
पलीकडे, जुन्या कापडावर,
शाईने नाही, पेन्सिलीने,
सात बारके चौकोन. बाजूला: गोंडटोली.
नंबर नाही. नाव नाही कुणाचं.
नव्या नकाशात तिथे: पडीत, मालगुजाराची.
मधे एकही खत नाही.

त्यावर कुठला लेआउट पडला हे बघायची गरज नव्हती,
तरी बघितलं.
प्लॉट एकसष्ट.
बाबांनी पतपेढीचं कर्ज काढून घेतलेला.
पाया खणताना अर्धं जातं निघालं होतं,
खुंट्याचं भोक झिजून लांबट झालेलं.
आई ते मागच्या दाराला अटकण म्हणून लावायची.

"म्हंजे काहीच नाही उरलं?" हेमराजरावांनी विचारलं.
"नाही," म्हटलं. "अकरा एकर जास्तच विकलेत."
ते हसले. खापरपणज्याची हुशारी वाटली असावी.
जाताना पत्रिकेवर माझं नाव घातलं:
"या लग्नाले. तेराव्या मैलाजवळ हॉल आहे."

ते गेल्यावर ट्रेसिंग पूर्ण केला.
कार्यालयाचा नियम, अंतिम प्रत शाईत.
सातही चौकोन शाईत ओढले.
साहेबांनी विचारलंच तर सांगेन, मुळात आहेत.

घरी मागचं दार आपटत होतं.
जातं उचलून पुन्हा अटकवलं.
सातांतल्या कुठल्या घरातलं ते,
या स्केलवर सांगता येत नाही.